प्रकल्प नोंदी: वाचनालयाची मराठी-कन्नड साइट

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजोळच्या वाचनालयाची साइट करून देतो, असं शेवटी कबूल करून बसलो. गाव बेळगाव-खानापूर रस्त्याला. जुनी साइट म्हणजे एकच पान: इमारतीचा फोटो आणि खाली ‘लवकरच येत आहोत’. हे लवकरच सहा वर्षं चाललंय.

समितीची मागणी अध्यक्षकाकांनी एका वाक्यात सांगितली, “मराठीत झकास कर, आणि कन्नड पण टाक.” बैठक सात मिनिटांत संपली, चहाला वीस मिनिटं लागली. त्या ‘पण टाक’चा हिशेब कुणीच केलेला नाही. कपाटात मराठी पुस्तकं चार हजारांच्या आसपास, कन्नड अकराशे. निघताना ग्रंथपाल मावशींनी बाजूला घेऊन सांगितलं, “कन्नड शाळेची पोरं येतात रे, खरं यादी मराठीत बघून तशीच माघारी जातात.” (आमच्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. पुण्याच्या मंडळींनी गोंधळू नये.)

साइट बांधायला वर्डप्रेस घेतलं, त्यावर एकाच साइटला दोन भाषा देणारं पॉलीलँग. दोन भाषांपुरतं फुकटातलं भागतं.

९ जानेवारी, गुरुवार

दिवसभर संगणक उघडलाच नाही. साइटवर काय काय जाणार त्याच्या चिठ्ठ्या केल्या आणि मावशींच्या टेबलावर मांडल्या. समितीच्या डोक्यात प्रत्येक मराठी पानाला एक कन्नड पान, असा सरळ हिशेब होता. तसं केलं तर वाचनालयाच्या इतिहासाची बारा पानं, चाळीस वर्षांच्या व्याख्यानांचे वृत्तांत, सगळं कन्नडमध्ये न्यावं लागेल. करणार कोण? आणि वाचणार कोण?

म्हणून तीन ढीग केले. दोन्हीकडे हवंच असं: वेळ, सुट्ट्या, वर्गणी, दंड, सूचना, पत्ता. फक्त मराठीत: इतिहास, व्याख्यानांचे वृत्तांत, दिवाळी अंकांची ओळख. फक्त कन्नडमध्ये: कन्नड शाळेसाठीचा वाचनकोपरा. हे शेवटचं पान मराठीत करायची गरजच नाही, कारण तिथली पुस्तकं वाचणारा कन्नड वाचतोच. पहिल्या ढिगातलं एकही पान एका भाषेत टाकून दुसऱ्या भाषेत ‘नंतर बघू’ करायचं नाही, हे मावशींनी वहीत लिहून खाली सही ठोकली.

पुस्तकांची यादी कुठल्याच ढिगात बसेना. ती बाजूला ठेवली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पलीकडच्या गल्लीतल्या अक्का एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचा तिळगूळ, घेऊन आल्या. त्यांचं माहेर गोकाकचं, कन्नड शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. आईनं तिळगूळ दिला, मी मजकूर तपासायचं काम दिलं. गोड बोलायच्या दिवशी नाही म्हणता येत नाही, हा मुहूर्त मी मुद्दाम साधला.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिल्या ढिगाचा कच्चा कन्नड मजकूर यंत्राकडून करून घेतला आणि छापून अक्कांकडे नेला. चष्मा लावून वाचता वाचता त्या एकदम हसायला लागल्या. “एनप्पा इदु? (हे काय रे?) दिवाळीला किती मार्क पडले तुमच्या वाचनालयाला?” यंत्रानं ‘दिवाळी अंक’मधल्या अंकाचं सरळ ‘अंकगळु’ केलं होतं, आणि कन्नडमध्ये अंक म्हणजे परीक्षेतले गुण. नियतकालिकाच्या अंकाला तिकडे ‘संचिके’ म्हणतात. दिवाळीचा असेल तर ‘दीपावळि विशेषांक’.

अशा जागा कमी नाहीत, कारण दोन्ही भाषांचा संस्कृत माल एकाच वखारीतला आणि लेबलं निराळी. ‘प्रशस्ति’ म्हणजे त्यांच्याकडे पुरस्कार. ‘अनुमान’ म्हणजे शंका. ‘प्रपंच’ म्हणजे अख्खं जग. आपला प्रपंच घरातल्या गॅस सिलिंडरपाशी संपतो. व्याख्यानाला ‘उपन्यास’. हा शब्द कन्नड पानावर बघून समितीतल्या एका काकांनी विचारलं, “कादंबऱ्यांचं वेगळं पान केलंस होय?” त्यांना हिंदी आठवली. गंमत म्हणजे कादंबरीला कन्नडमध्येही कादंबरीच म्हणतात. ‘शिक्षा’चं तसंच. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण, आपल्याकडे आणि कन्नडमध्ये छडी.

अक्कांनी माझे साडेतीन कागद लाल करून दिले. “होगलि बिडु (जाऊ दे), पुढच्या वेळी मराठीतूनच सांग, मी कन्नडमध्ये लिहिते.” असंच करणार. दंडाचा नियम त्यांनी तीन ओळींचा एका ओळीत आणला. तो इतका चांगला उतरला, की मग मराठी नियमच त्यावरून पुन्हा लिहिला.

२५ जानेवारी, शनिवार

आजचा गाढवपणा. कन्नड पानांना भाषेचा कोड लावताना ‘केए’ लिहिलं. तपासणीच्या साधनानं पानाची भाषा जॉर्जियन दाखवली. बरोबरच आहे. ‘केए’ हा जॉर्जियन भाषेचा कोड, कन्नडचा ‘केएन’. जन्मभर बेळगावची केए-२२ नंबरप्लेट बघितल्यावर हात तिकडेच जाणार. मराठीचा ‘एमआर’ मात्र बरोबर होता.

कोड दिसत नाही, पण त्यावर बरंच अवलंबून आहे. पान वाचून दाखवणारा मोबाइलचा आवाज त्यावरूनच भाषा निवडतो. मराठीतला ल आणि श काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात, तेही ‘एमआर’ लावल्यावर आपल्या वळणावर येतात. शोधयंत्रांसाठी मराठी पानानं कन्नड जोडीदाराचं नाव सांगायचं आणि कन्नडनं मराठीचं. एकानंच सांगितलं तर धरत नाहीत, लग्नाला दोन्हीकडचा होकार लागतो तसं.

आणि एक सोय बंद केली. ब्राउझरची भाषा ओळखून पाहुण्याला आपोआप त्या भाषेकडे पाठवायची. गावातले दहा फोन मागून बघितले, नऊ इंग्रजीत लावलेले. दहावा मावशींचा.

२ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकांच्या यादीला हात घातला. मराठी यादी पूर्वी एका डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी फॉन्टात टाइप करून घेतलेली, कन्नड यादी नुडी या कन्नड फॉन्टात. दोन्ही युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आधीच्या वळणाच्या, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढल्यावर महिलाचं ‘महलिा’ आणि वर्षचं ‘वषर्’ झालं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं नेमकं उलटं. नियम लिहून नव्वद टक्के सरळ केलं. उरलेलं मी आणि मावशी, रोज संध्याकाळी दोनशे ओळी.

९ फेब्रुवारी, रविवार

यादीचा निर्णय झाला. पुस्तकाची नोंद एकच, भाषा हा पुस्तकाचा गुण, पानाचा नाही. सगळी नोंद एका स्प्रेडशीटमध्ये राहील आणि मराठी व कन्नड अशी दोन्ही पानं तिथूनच वाचतील. फक्त मथळे आपापल्या भाषेत: इकडे लेखक, तिकडे लेखकरु. कन्नड पानावर आलेल्या पोराला मराठी पुस्तकंही दिसली पाहिजेत, आणि उलटही. आमच्या भागात एकच भाषा वाचणारा माणूस शोधावा लागतो.

यातून एक चांगली गोष्ट साधली. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आल्या आहेत. मूळ आणि अनुवाद दोन्ही आमच्याकडे असतील तिथे नोंदी एकमेकींना जोडल्या. आजवर त्या समोरासमोरच्या कपाटांत एकमेकींना न ओळखता उभ्या होत्या.

लेखकांच्या नावांनी मात्र घाम काढला. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३चं ज्ञानपीठ. आमच्या रजिस्टरात ते तीन माणसं आहेत: मराठी पद्धतीनं आडनाव आधी घेऊन बेंद्रे दत्तात्रेय रामचंद्र, कन्नड पद्धतीनं द. रा. बेंद्रे, आणि टोपणनावानं अंबिकातनयदत्त. तिघांना एका ओळीत आणून बसवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वर्णक्रम. यादी लावली तर ‘काळ’ने सुरू होणारी पुस्तकं ‘कावळा’च्या आधी. संगणक अक्षरांच्या क्रमांकानं लावतो आणि युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलाय. शाळेत आपण श ष स ह ळ म्हणत वाढलो. क्रम लावताना भाषेचा कोड सांगितला, तेव्हा ळ मुकाट्यानं हच्या मागे गेला. अक्कांना विचारलं, कन्नड वर्णमालेत ळ कुठे? त्यांनी बोटं मोजत म्हणून दाखवलं, “श ष स ह ळ.” तोच सूर, तोच ठेका.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शोधपेटी. या एका पेटीवर सहा दिवस गेले आणि ते सत्कारणी लागले असं माझं मत आहे, समितीचं काहीही असो.

सुरुवात एका तक्रारीपासून. मावशींनी ‘कादंबऱ्या’ टाइप केलं, उत्तर शून्य. यादीत कादंबऱ्याच कादंबऱ्या. दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघितले तर डोळ्यांना तंतोतंत सारखे. अक्षरं सुटी केल्यावर उलगडलं. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. यादी दुसऱ्या तऱ्हेनं, मावशींचा कीबोर्ड पहिल्या. शोधण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणले.

खरा प्रश्न लिपी ओलांडायचा होता. पोरगं कन्नडमध्ये लेखकाचं नाव टाकणार, आणि त्याच लेखकाचा मराठी अनुवाद देवनागरीत नोंदलेला. त्याला तो सापडला पाहिजे. लिप्यंतराचं एखादं मोठं साधन लावावं लागेल असं वाटत होतं. सहज दोन्ही लिपींचे युनिकोड तक्ते शेजारी उघडले. देवनागरी क २३२५ क्रमांकाला. कन्नड क ३२२१ला. फरक ८९६. ळ बघितला: २३५५ आणि ३२५१. फरक ८९६. भ, ऐकार, हलन्त, सगळीकडे ८९६! दोन्ही तक्ते इस्की या भारतीय लिपींच्या जुन्या संगणकीय पद्धतीच्या एकाच साच्यातून आलेले, म्हणून क समोर क आणि म समोर म. एवढी वर्षं आम्ही गावात कुणाची पाटी वर यावर भांडतोय आणि दोघांच्या वर्णमाला एका वजाबाकीच्या अंतरावर बसून आहेत.

तर, कन्नड अक्षर आलं की ८९६ वजा करायचे, देवनागरी मिळते. त्यानंतर थोडी डागडुजी. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन, आपल्याकडे एकेकच, म्हणून ते एक धरायचे. इ-ई, उ-ऊ यांतला फरक सोडायचा, मग खानापूर आणि खानापुर एक होतात. जोडून आलेलं तेच व्यंजन एकदाच मोजायचं: निप्पाणि-निपाणी, चिक्कोडि-चिकोडी. शब्दाच्या टोकाचा आकार काढायचा, कारण आपण भैरप्पा म्हणतो आणि कन्नडमध्ये ते भैरप्प. टोकाचा उकारही, यळ्ळूरुसाठी. यामुळे कधी ‘माळ’ शोधताना ‘माळा’ही हाती येते, ते चालेल. वाचनालयात चुकून हाती आलेलं पुस्तक हा तोटा नव्हे.

नुडीतून आलेल्या काही नोंदी तरीही हुलकावणी देत होत्या. कन्नडमध्ये दीर्घाचं चिन्ह अक्षरापासून सुटं पडू शकतं. ते सुटं राहिलं, की वजाबाकीनंतर भलतंच चिन्ह उमटतं. आधी अक्षर सांधून घेतलं, मग वजाबाकी. सुटलं.

काही नावं कुठल्याच नियमाला बधली नाहीत. आपली सौंदत्ती म्हणजे कन्नड सवदत्ति. बेळगाव आणि बेळगावि. यांचा छोटा तक्ता हातानं केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पानांचे पत्ते. ‘वाचनालय’ हा शब्द पत्त्यात देवनागरीत ठेवला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून बघितला. सात चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, प्रत्येक बाइटला तीन अक्षरं: त्रेसष्ट अक्षरांची टक्क्यांनी भरलेली माळ. मावशी म्हणाल्या, “व्हायरस बियरस हाय काय?” पत्ते इंग्रजी अक्षरांत केले.

१ मार्च, शनिवार

समितीची बैठक, दोन तास. विषय दोनच.

पहिला, उद्घाटन कधी. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हुकला म्हणून हळहळ झाली. मी म्हटलं, हुकला ते बरं, त्या दिवशी कन्नड पान उघडलं असतं तर कसं दिसलं असतं? कुणीतरी १ नोव्हेंबर सुचवला आणि स्वतःच जीभ चावली. इथं तो एका घरात कर्नाटक राज्योत्सव आणि दुसऱ्या घरात काळा दिन. शेवटी पाडवा. तोच दिवस युगादीचा. रविवार, ३० मार्च. आदल्या संध्याकाळी छोटा कार्यक्रम, पाडव्याला वाचनालय बंद.

दुसरा, कोण आधी. कर्नाटकाच्या कायद्यातल्या २०२४च्या दुरुस्तीनंतर फलकावर साठ टक्के कन्नड लागतं, मग साइटवरही टक्के मोजायचे का, इथून गाडी सुरू झाली. तो नियम फलकांचा आहे, एवढं सांगितलं. कुणी म्हणालं, संस्था मराठी, मराठी वर. कुणी म्हणालं, राज्य कर्नाटक. झेंडे लावायचीही सूचना आली. भाषेला झेंडा नसतो, हे समजावण्यात एक चहा गेला. मी सुचवलं, पहिल्या पानावर दोन्ही नावं सारख्याच आकारात, आपापल्या लिपीत, वर्णक्रमानं. अध्यक्षकाकांनी बोटावर मोजलं, क आधी, म नंतर. पाच सेकंद शांतता. मग म्हणाले, “वर्णमालेवर कुठं केस घालणार? चालू दे.”

पत्त्यावर फार झालं नाही. मराठी पानावर बेळगाव, कन्नड पानावर बेळगावि. २०१४ला सरकारी नाव बदललं तेव्हाही घरात आपण बेळगावच म्हणत राहिलो.

८ मार्च, शनिवार

बटणं. ‘शोधा’साठी आखलेल्या चौकटीत ‘हुडुकि’ बसतं. ‘सभासद व्हा’ला ‘सदस्यरागि’ही कसंबसं. पण कन्नड जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीच्या खाली लोंबतो आणि आमच्या चौकटी त्याचे पाय कापत होत्या. ओळींमधलं अंतर वाढवलं, उंची मोकळी सोडली. मराठीच्या मात्रा-रफारांनाही वर श्वास मिळाला.

२२ मार्च, शनिवार

आज राज्यात कन्नड संघटनांचा बंद. मागच्या महिन्यात मराठी न बोलल्यावरून बस कंडक्टरला मारहाण झाल्याचं प्रकरण झालं, त्यावरून. घरीच बसून काम. अक्का येणार होत्या, नाही आल्या. फोनवरून त्यांनी वर्गणीचं पान वाचून घेतलं, मी कन्नड वाचत होतो आणि त्या ऱ्हस्व-दीर्घ सुधारत होत्या. आवाज मोठा झाला तशी आईनं खिडकी लावून घेतली. मग तिलाच हसू आलं आणि तिनं ती उघडली.

२९ मार्च, शनिवार

संध्याकाळी साइट उघडली. नारळ, पेढे, अध्यक्षकाकांचं भाषण. कन्नड शाळेतल्या सातवीच्या मुलीनं शोधपेटीत कन्नडमध्ये भैरप्पांचं नाव टाकलं, खाली दोन्ही लिपींतली पुस्तकं उतरली. टाळ्या तिला मिळाल्या, मलाही चालल्या.

३० मार्च, रविवार

गुढी उभारून होत होती, तेवढ्यात मावशींचा फोन. वाचनालयाच्या बंद दारापाशी दोन पोरं उभी. कन्नड शाळेची, सायकलवरून चार किलोमीटर आलेली. साइटवर रविवारची वेळ सकाळी नऊ ते बारा दिसत होती.

मराठी पानावर ‘पाडव्यानिमित्त वाचनालय बंद’ ही सूचना शुक्रवारीच लागली होती. मीच लावली होती. कन्नड पानावर नव्हती. नंतर बघू म्हटलं होतं, आणि मावशींची सही असलेली वही माझ्याच पिशवीत.

दुपारी सूचनांचा फॉर्म बदलला. आता दोन्ही चौकटी भरल्याशिवाय ‘प्रसिद्ध करा’ उमटतच नाही. अक्का नसतील त्या दिवसासाठी बंद, उशिरा, वेळ बदलली अशी नेहमीची सात वाक्यं त्यांच्याकडून आधीच लिहून घ्यायची आहेत. पोरांना मावशींनी दार उघडून दोन-दोन पुस्तकं दिली आणि वर पुरणपोळीही. रजिस्टरात तारीख ३० मार्चच पडली आहे.